चार वेळा लुकलुकणारी खुर्ची : दुरुस्तीच्या नोंदी

११ जून २०२४

गणिताच्या बाईंची चाकांची खुर्ची आज माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात आली. छोट्या हत्तीतून आणली, उतरवायला चौघं लागले. बॅटऱ्या आत असताना सत्तरेक किलो तरी भरत असेल. पेरणीच्या तोंडावर दुकानात सात पाणबुडी मोटारी आडव्या पडल्यात, शेतकरी रोज फोन करतायत, आणि त्यात हे. पण बाईंना नाही म्हणता येत नाही. दहावीला गणितात मी काठावर का होईना पास झालो तो त्यांच्यामुळे.

बाईंना लहानपणी पोलिओ झालेला. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातलं घर पाण्यात गेलं, जुनी खुर्चीही गेली. विश्रामबागेत राहायला आल्यावर जानेवारी २०२० मध्ये ही विजेवर चालणारी खुर्ची घेतली, परदेशी बनावटीची. शिकवणीचं टेबल या खुर्चीच्या उंचीला करून घेतलंय, फळासुद्धा त्याच बेतानं खाली लावलाय. आता खुर्ची बंद, म्हणजे ढकलायची साधी खुर्ची आणि ढकलायला वहिनी. साधी खुर्ची चार बोटं बुटकी आहे, त्यामुळे बाईंचा हात फळ्याच्या अर्ध्यापर्यंतच पोचतो.

तक्रार : चालू केली की जॉयस्टिकवरचे दिवे चार वेळा लुकलुकतात, थांबतात, परत चार वेळा. चाक हलत नाही.

पुण्याच्या अधिकृत विक्रेत्यानं फोनवरच निकाल लावलाय. तपासणीला खुर्ची पुण्याला पाठवा. मोटार गेली असेल तर गिअरबॉक्ससकट अख्खा संच बाहेरून येईल, आठ आठवडे, त्रेचाळीस हजार आणि वर जीएसटी. सुटा भाग मिळत नाही. चार वेळा लुकलुकण्याचा अर्थ काय, हे विचारलं तर म्हणे ते फक्त आमच्या माणसाला सांगतात.

१३ जून

जॉयस्टिकच्या डबीचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे, आणि चांदणीच्या मधोमध एक बारीक खिळा. म्हणजे साधा चांदणी पाना बसू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय. पाना कोल्हापुरातून मागवला. किंमत नव्वद रुपये. एवढ्यानं कोण अडणार आहे देव जाणे, पण दोन दिवस गेले.

बाजूला स्टिकर : ‘उघडल्यास वॉरंटी रद्द.’ वॉरंटी संपून तीन वर्षं झाली.

आत मात्र सगळं ओळखीचं. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे चोवीस व्होल्ट. दोन चाकांना दोन मोटारी, कार्बनच्या (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारा, घासून झिजणारा तुकडा), कायम चुंबकाच्या. प्रत्येक मोटारीच्या शेपटीला विजेचा ब्रेक. हा ब्रेक आपल्या डोक्यातल्या ब्रेकच्या उलटा असतो : करंट दिला की सुटतो, करंट गेला की स्प्रिंग दाबून धरते. वीज गेली तर खुर्ची जागेवर थांबावी म्हणून. चांगली अक्कल लावलीय, मान्य.

१५ जून

आज दिवसभर एकच काम केलं आणि ते मला मोटार गुंडाळण्यापेक्षा आवडलं. बाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवलं आणि एकेक वायर काढत गेलो. दिवे किती वेळा लुकलुकतात ते मी ओरडून सांगायचं, बाईंनी लिहून घ्यायचं.

डावी मोटार काढली : दोन. ती लावून उजवी काढली : चार. चार्जर लावलेला असताना चालू केली : सहा. ब्रेकची वायर काढली : नऊ.

‘अरे, मग उजवी न काढताही चारच येतात ना?’ बाई.

‘हो बाई.’

‘म्हणजे कंट्रोलरच्या लेखी उजवी मोटार काढलेलीच आहे. जोडलेली असून नसल्यासारखी.’

मीटर लावला. डाव्या मोटारीला कंटिन्युइटी, म्हणजे आतून वीज सलग जाते, उजवीला काही नाही. पुण्याच्या माणसाचं गुपित दुपारी चारच्या आत फुटलं. बाईंनी एक ते दहा आकड्यांचा तक्ता केला, चार ओळी भरल्या, बाकी मोकळ्या सोडल्या.

२४ जून

पाणबुडी मोटारी उरकल्या, मग उजवी मोटार खोलली. कार्बन झिजून स्प्रिंग त्याच्या खोबणीत टेकलेली. कॉम्युटेटरला, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल कड्याला, कार्बन शिवतच नव्हता. एवढंच. चार वर्षं रोज शिकवणीला जायची-यायची वस्तू, तिचा कार्बन झिजणारच. मिक्सरचा कार्बन आपण दर दिवाळीला बदलतो.

आणि इथं मी घाई केली. मापाला जवळचा म्हणून मिक्सरचाच कार्बन घासून बसवला. मोटार फिरली, मी खूष. अर्ध्या तासात हात लावला तर चटका. शिवाय खुर्ची उजवीकडे ओढायला लागली.

चूक माझी, आणि तीही मला माहीत असायला हवी अशी. मिक्सर २३० व्होल्टवर चालतो, करंट थोडा. त्याच्या कार्बनमध्ये तांबं नसतं. चोवीस व्होल्टच्या मोटारीला तेवढीच ताकद द्यायला करंट कितीतरी जास्त लागतो, म्हणून तिच्या कार्बनमध्ये तांब्याची भुकटी मिसळलेली असते. उन्हात धरला तर लालसर झाक दिसते. २३० मधला एक-दोन व्होल्ट कार्बनपाशी खाल्ला गेला तर कुणाला कळत नाही. चोवीसमधला खाल्ला तर ते चाक मागं पडतं.

पोराला कुपवाड एमआयडीसीत पिटाळलं. तिथं बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडून तांबूस कार्बन आणला, मोठा होता. एक्सोपात्यानं कापला, कानशीनं घासला, खोबणीत बोटानं ढकलला की स्वतःच्या वजनानं खाली सरकेल इतपत. मग कॉम्युटेटरवर पॉलिश पेपर गुंडाळून, खरखरीत बाजू वर ठेवून, आर्मेचर हातानं फिरवलं. कार्बनच्या तोंडाला कॉम्युटेटरची गोलाई येईपर्यंत. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला होता, तो तुटक्या पात्यानं कोरून खाली घेतला. ही कामं माझ्या वडिलांनी शिकवली, त्यांना कुणी मॅन्युअल दिलं नव्हतं.

खर्च : कार्बन १६० रुपये, पेट्रोल वेगळं.

२ जुलै

ही नोंद लिहू नये असं वाटत होतं.

मोटार खोलली तेव्हा ब्रेकही सोडवला होता. कार्बनची भुकटी आत शिरली होती, ती साफ केली. कॉइलचा रेझिस्टन्स ५८ ओहम, डाव्याचाही तेवढाच. बाईंनी तोंडी हिशोब केला, चोवीसचा वर्ग भागिले अठ्ठावन्न, म्हणजे साधारण दहा वॅट, ठीकच. परत जोडला. सपाटीवर चालवून पाहिली, झकास.

संध्याकाळी दुकानाच्या उतारावर नेली, सीटवर सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं ठेवून. बंद केली. दोन सेकंद थांबली आणि सरकायला लागली. आधी हळू, मग हळू नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या पत्र्याच्या बोर्डावर जाऊन आदळली. पायटेकू वाकला. पोतं फुटलं. रस्त्यावर त्या क्षणी कुणी नव्हतं, ते नशीब.

कारण शोधायला रात्रीचे अकरा वाजले. खुर्ची हातानं ढकलायची असली तर ब्रेक सोडवायचा एक खटका असतो. तो जोडताना मी एक दाता पुढं बसवला होता. त्यामुळे ब्रेकची ताटली पूर्ण दाबलीच जात नव्हती. सपाटीवर ते कळायला मार्ग नाही. ताटली आणि कॉइलमध्ये फट किती ठेवायची, खटका कुठल्या खुणेला लावायचा, हे कुठंतरी एका पानावर छापलेलं आहे. ते पान माझ्याकडे नाही.

कंपन्या म्हणतात, बाहेरच्या माणसानं हात लावला तर धोका. आज तो धोका मी डोळ्यांनी पाहिला, त्यामुळे ते साफ खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण पान दाखवलं असतं तर दाता चुकला नसता.

बाईंना सगळं सांगितलं. लपवून उपयोग नाही, बसायचं त्यांना आहे. जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘उत्तर आलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत. ताळा करून बघायचा. शाळेतही तू अशाच उड्या मारायचास.’ आता उतारावरची चाचणी : रोज दहा वेळा, तीन दिवस, दोन पोत्यांनी.

९ जुलै

उताराची चाचणी पार पडली. तीस वेळा थांबली.

बॅटऱ्या. मोकळ्या असताना दोन्ही १२.६. लोड टाकला की एक ११.९ वर राहते, दुसरी ९.८ वर कोसळते. बाईंच्या वहीत हे वर्षभरापासून दिसतंय. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान आणि परत, एवढ्या फेरीला दिव्याच्या किती खुणा उतरल्या, याची त्यांनी रोज नोंद ठेवलीय. मार्च २०२३ पर्यंत एक, मग दीड, या एप्रिलमध्ये तीन. (लोड टाकून बॅटरी पार उतरवली तेव्हा दिवे एकदाच लुकलुकले. तक्त्यात पहिली ओळ भरली.)

एक खराब असली तरी जोडी बदलायची. सिरीजमध्ये नवी-जुनी एकत्र बांधली तर जुनी नवीला घेऊन बुडते. खुर्ची घेताना जीएसटी ५ टक्के होता, दिव्यांगांचं साधन म्हणून. त्याच खुर्चीची लेड-ॲसिड बॅटरी घ्यायला गेलो तर २८ टक्के, गाडीची असल्यासारखी. एकदाच घ्यायच्या वस्तूवर सवलत आणि दर दोन-तीन वर्षांनी लागणाऱ्या वस्तूवर नाही. असो.

ई-रिक्षावाला पोरगा म्हणाला, दादा लिथियम टाका, हलकी होईल. नाही टाकली. या खुर्चीचा चार्जर आणि बॅटरीचा दिवा दोन्ही लेड-ॲसिडचा हिशोब धरून केलेत. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून एकदम पडतं, दिवा भरलेलीच दाखवत राहणार. आणि उतारावर मोटारी उलट करंट बॅटरीत ढकलतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि तिच्या संरक्षक सर्किटनं त्याच वेळी हात वर केले, तर त्या करंटनं जायचं कुठं? कंट्रोलरचं सेटिंग बदलता येत असतं तर विचार केला असता.

२१ जुलै

खुर्ची बाईंच्या घरी पोचली. चालते. डावीकडे ओढते.

बाईंनी लगेच प्रयोग लावला. हॉलमध्ये दोन फुटी फरश्या आहेत. जॉयस्टिकवर पुठ्ठ्याची खाच बसवली, म्हणजे दांडी सरळच पुढं जाईल. सहा फरश्या पुढं जाईपर्यंत खुर्ची पाऊण फरशी डावीकडे. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेवढंच.

कंट्रोलरमध्ये दोन मोटारींचा तोल जुळवायचं सेटिंग असतंच. शिवाय गेल्या चार वर्षांत बाईंचा हात अशक्त झालाय, त्यांना दांडी कमी सरकवून काम व्हायला हवं, आणि सुरुवातीचा हिसका सौम्य हवा. तेही सेटिंगच. पण त्यासाठी कंपनीचा प्रोग्रामर लागतो, तो विक्रेत्यालाच मिळतो. फोन केला. माणूस येईल, येण्या-जाण्याचे पैसे वेगळे, तारीख सांगता येत नाही. मोटार बाहेर उघडली असेल तर मात्र सेटिंग करून देणार नाहीत.

इथं बाईंचं आणि माझं जुळलं नाही. ई-रिक्षावाल्याला प्रोग्रामरची नक्कल कुठं मिळते ते माहीत आहे. बाई म्हणाल्या, मागव. मी नको म्हणालो. त्यात पन्नासेक आकडे असतात, थांबायला किती वेळ घ्यायचा तो आकडा चुकला तर खुर्ची दारात थांबायची ती रस्त्यात थांबेल. कागद नसताना मी एकदा दाता चुकवलाय.

‘खुर्ची माझी आहे,’ बाई म्हणाल्या. ‘माझे पाय दुसऱ्याच्या कुलपात कशाला?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

२६ जुलै

काम काही नाही. कोयनेतून विसर्ग वाढवलाय, दर तासाला आयर्विन पुलाची पातळी मोबाइलवर बघतोय. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. विश्रामबाग उंचावर आहे, पण २०१९ नंतर सांगलीत कुणाला तसं बोलून धीर येत नाही. बाईंच्या घरी जाऊन बॅटऱ्या दोन मिनिटांत कशा सोडवायच्या ते वहिनींना दाखवून आलो. बॅटऱ्या काढल्या की दोघंजण खुर्ची उचलू शकतात.

४ ऑगस्ट

पाणी उतरलं.

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी वकील आहे, ती घरी आली होती. मी कुलूप तोडण्याचं विचारलं. तिनं सांगितलं ते असं : कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. सॉफ्टवेअरचं कुलूप फोडणं हा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं फोडलं तर. आपली खुर्ची सरळ चालावी म्हणून फोडलं, तर हेतू तो नाही, असं तिचं मत. ‘पण दादा, मत म्हणजे निकाल नव्हे.’

गाड्यांच्या बाबतीत निकाल आहे म्हणाली. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना देत नव्हत्या म्हणून. पुढं अपिलं झाली, पण तत्त्व लिहून ठेवलंय : गाडी विकलीत म्हणजे तिची दुरुस्ती स्वतःच्या ताब्यात ठेवायचा परवाना मिळत नाही.

मग तिघांनी मिळून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं दुरुस्ती-हक्काचं पोर्टल उघडलं. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेलं. गट चार : शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं. बाईंनी चष्मा वर करून विचारलं, ‘मी यातली कुठली?’ वहिनी म्हणाल्या, घरगुती टिकाऊ. हसून पुरे झालं.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं नेमका या खुर्च्यांसाठीच कायदा केलाय. जून २०२२ मध्ये गव्हर्नर जेरेड पोलिस यांची सही झाली, १ जानेवारी २०२३ पासून लागू. सुटे भाग, हत्यारं, कागदपत्रं आणि आतलं सॉफ्टवेअर, सगळं मालकाला आणि बाहेरच्या कारागिराला रास्त भावात द्यायचं. मी हे दोनदा वाचून घेतलं. मला हवंय ते बरोबर तेवढंच आहे. फुकट नकोय, विकत द्या. चुकलो तर माझी चूक म्हणून पावतीवर लिहून देतो.

दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीच्या मोटार बसवलेल्या तीनचाकी माझ्याकडे नेहमी येतात, शिबिरात वाटलेल्या. त्यातली एकही माझ्याकडून परत गेलेली नाही. थ्रॉटल, कंट्रोलर, चार्जर, सगळं ई-बाइकवाल्याकडे मिळतं. बाईंची खुर्ची बनावटीला कितीतरी सरस, पण बंद पडल्यावर तीनचाकीवाला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर असतो.

कंपनीला पत्र लिहिलं. बाईंच्या अक्षरात, चार मागण्या : लुकलुकण्याचा तक्ता, ब्रेकच्या फटीचं माप, कार्बनचा प्रकार, आणि सेटिंग बदलायची सोय.

१८ ऑगस्ट

रात्री झोपेत सुचलं म्हणतात तसं नाही, जेवताना सुचलं. उजवीला तांबूस कार्बन नवा, माझ्या हातचा. डावीला कंपनीचा जुना. दोघांत तांब्याचं प्रमाण सारखं असेलच कशावरून? उजवीच्या कार्बनमध्ये तांबं जास्त, व्होल्टेज कमी खाल्लं जातंय, उजवं चाक किंचित जोरात, म्हणून खुर्ची डावीकडे. सेटिंगला हात लावायचं कारणच नाही.

डावी खोलली, त्याच मोठ्या तुकड्यातला कार्बन कापून बसवला. खटक्याला या वेळी आधी खुणेचा पांढरा ठिपका मारून मग सोडवला. उतारावर दहा वेळा ताळा.

बाईंच्या फरश्यांवर : सहा फरश्यांना पाव फरशी. आठवडाभर चालवल्यावर कार्बन बसला आणि चार बोटांवर आलं. तेवढं दोन फरशी जोडांतल्या फटीनंही होतं, असं बाईंचं म्हणणं.

२९ ऑगस्ट

सेटिंग बदलता येत नाही तर दांडी बदलू. दांडी लांब केली की जोर कमी लागतो, साधी तरफ. बोट जास्त सरकवावं लागतं, पण बाईंना अडचण सरकवण्याची नाही, जोराची आहे.

कुपवाडला लेथवर नायलॉनची करून घेतली, जड झाली. सोडल्यावर दांडी मधोमध परत यायला आळस करायला लागली. ते चालणार नाही, कारण दांडी मधे आली तरच खुर्ची थांबते. मिरजेत सतारमेकरांकडे गेलो. त्यांना खुंटी करायची रोजची सवय. वजन किती हवं विचारलं, मी जुनी मूठ त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी सागवानाची, आतून पोकळ, सतारीच्या खुंटीसारखी कमळाच्या डोक्याची करून दिली. हातावर दोन्ही तोलून बघितल्या, काटा लागला नाही. याच मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला घेतली, असं सांगतात. पैसे घेईनात. म्हणाले, खुर्ची वाजवून दाखवा एकदा.

बाई अंगठा आणि पहिल्या बोटानं चालवतात आता.

१२ सप्टेंबर

कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. आपल्या सुरक्षिततेसाठी कृपया अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा. बाईंनी उलट टपाली दुसरं पत्र लिहायला घेतलंय, त्यात फरश्यांचा तक्ता जोडणार आहेत. नकली प्रोग्रामरचा विषय त्यांनी सोडलेला नाही, मीही हो म्हटलेलं नाही.

आज दुपारी तासगावहून एक जण आईची खुर्ची घेऊन आला. कंपनी वेगळी, जॉयस्टिकची डबी मात्र तीच. कुणीतरी त्याला सांगितलंय की सांगलीत दिवे वाचणारा वाइंडिंगवाला आहे. चालू केली. मी आणि पोरानं मोजलं. परत मोजलं. सात.

भिंतीवरच्या तक्त्यात सातची ओळ कोरी आहे.

बाईंना फोन लावला. पलीकडे शिकवणी चालू होती, पोरं पाढे म्हणत होती. म्हणाल्या, ‘सात? मी येईपर्यंत सोडवू नकोस.’